नांगर, गंज आणि लक्ष्मणराव

लोखंडाचे दोन शत्रू आहेत : ओल आणि हवा. दोन्ही एकत्र आले की गंज चढू लागतो. शेतकऱ्याचा नांगर तर वर्षानुवर्षे या दोहोंच्या संगतीतच राहायचा. असे अवजार लाकडाऐवजी लोखंडाचे करून ते शेतकऱ्याच्या गळी उतरवणे हे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे जीवितकार्य ठरले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. अभ्यासापेक्षा चित्रकलेकडे ओढा असल्याने 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे दोन वर्षांतच ध्यानात आले आणि चित्रकाराचे स्वप्न संपले. रंग गेले, तरी रेषा हाती होती. त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेल्याने त्यांनी नोकरी सोडली. 1888 मध्ये बेळगावात ज्येष्ठ बंधू रामूअण्णांसह सुरू केलेले सायकलींचे दुकान हाताशी होतेच. तेथूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर असा प्रवास घडला.

परदेशी नांगरांच्या धर्तीवरील हा नांगर प्रारंभी कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज गावोगाव रुजलेला होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करी. लोखंडी नांगरासाठी मात्र एकदम मोठी रक्कम मोजायची आणि तो गंजला किंवा मोडला तर जायचे कोणाकडे? काळ्या चिकण जमिनीत तर फाळ आणि त्यामागचा पंख गुळगुळीत असावाच लागतो. मातीच्या घर्षणाने तो चालता चालता लखलखीत होतो. पण हंगामानंतर तसाच ओला ठेवला की त्यावर गंज धरतो आणि पुढल्या खेपेस माती त्याला चिकटून बसते. म्हणूनच वापरात नसलेला फाळ पुसून तेल लावणे आणि उरलेल्या सांगाड्याला रंग देणे याला पर्याय नसतो.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर माळरानही दिले. 1910 च्या मार्चमध्ये निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू झाली.

चार वर्षांतच पहिले महायुद्ध पेटले. परदेशातून येणारे लोखंड, कोळसा आणि रंगासाठी लागणारी रसायने यांची तीव्र टंचाई निर्माण झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि लोखंडाची अडचण काही अंशी सुटली. जाड ओतीव लोखंडाला गंज वरून खातो, गाभा शाबूत राहतो. म्हणून जुनी तोफही भट्टीत कामी येते. रंगाची टंचाई तुलनेने किरकोळ वाटेल; पण बिनरंगी नांगर गुदामात वा आगगाडीच्या वाघिणीत पावसाळी हवेत पडून राहिला, तर शेतावर पोहोचण्याआधीच तांबूस दिसू लागतो. जो शेतकरी आधीच साशंक आहे, त्याच्यासमोर असा नांगर ठेवणे म्हणजे मिळू लागलेला विश्वास गमावणे.

गंज रोखणाऱ्या रंगाचे मर्म मोठे गमतीचे आहे. उमरगा तालुक्यातील मुरुम या गावाच्या नावाशी ज्याचे नाव जुळते, त्या मुरमाचा तांबूसपणा लोखंडाच्या ऑक्साइडमुळे येतो. गेरूचा लाल रंगही त्याचाच. गंजाचे हे सख्खे भावंड. फरक इतकाच की गंज सच्छिद्र असतो, पोपडे धरून गळतो आणि खालचे लोखंड उघडे पाडतो. हेच लाल ऑक्साइड बारीक दळून जवसाच्या तेलात खलले, तर वाळल्यावर त्याचा चिवट थर ओल आणि हवा यांना अडवतो. मात्र आधीचा गंज खरवडून पृष्ठभाग स्वच्छ केलेला हवा. नाहीतर रंगाखालीच गंज पसरत राहतो.

युद्धाच्या त्या वर्षांतही लक्ष्मणरावांनी कारखाना बंद पडू दिला नाही. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ सतत पाण्याशी गाठ असलेले पंप आले आणि लोखंड राखण्याची कसोटी अधिकच कठीण झाली. कारखान्याबरोबर वसाहतही वाढली. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर राखणदारी सोपवली गेली.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. कारखानदारीच्या इतिहासात त्यांचे नाव नांगरामुळे राहिले. परंतु वस्तू घडवली की काम संपत नाही. ती उन्हापावसात टिकली आणि घेणाऱ्याचा भरवसा टिकला, तरच ते पुरे होते. रंगांची नीट पारख नसलेल्या या माणसाने ही जबाबदारी मात्र पुरती ओळखली होती.