मनीऑर्डरच्या फॉर्मवरून निघालेला विषय थेट बांगलादेशापर्यंत गेला

२५ फेब्रुवारी १९४८. पाकिस्तान होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. कराचीत संविधान सभेचं कामकाज सुरू होतं. सदस्यांनी सभेत उर्दू किंवा इंग्रजीतच बोलायचं, असा नियम ठरत होता. तेवढ्यात पूर्व बंगालमधले साठी ओलांडलेले एक वकील उठले. यात बंगालीही घाला, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली.

ते होते धीरेंद्रनाथ दत्त.

दत्तांचा जन्म २ नोव्हेंबर १८८६ चा, ब्राह्मणबाडिया भागातल्या रामराइल गावचा. कुमिल्ल्यात वकिली आणि काँग्रेसचं काम. इंग्रजांच्या काळात तुरुंगवासही झाला. फाळणीनंतर लाखो हिंदू भारतात आले, दत्त मात्र कुमिल्ल्यातच राहिले.

त्यांचा हिशोब सरळ होता. पाकिस्तानची लोकसंख्या ६ कोटी ९० लाख, त्यातले ४ कोटी ४० लाख बंगाली बोलणारे. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांची भाषा त्यांच्याच देशाच्या सभेत चालणार नव्हती. पण आकड्यांपेक्षा त्यांनी दिलेलं उदाहरण जास्त बोलकं होतं. खेड्यातल्या एका शेतकऱ्याला ढाक्यात शिकणाऱ्या पोराला पैसे पाठवायचेत. पोस्टात जातो तर मनीऑर्डरचा फॉर्म उर्दूत. आता फॉर्ममध्ये काय लिहिलंय हे समजून घ्यायला त्याने लांबचं शहर गाठायचं का?

बरं, उर्दू काढा असं दत्त म्हणतच नव्हते. तरी पंतप्रधान लियाकत अली खान भडकले. मुस्लिम राष्ट्राची भाषा उर्दूच असणार आणि ही दुरुस्ती म्हणजे देशात फूट पाडण्याचा डाव, असा त्यांचा रोख होता. दत्त हिंदू, त्यामुळे संशय घेणं सोपंच होतं. पूर्व बंगालचे मुख्यमंत्री ख्वाजा नाझिमुद्दीन स्वतः विरोधात गेले आणि दुरुस्ती फेटाळली गेली.

पण दुसऱ्याच दिवशी ढाक्यात विद्यार्थ्यांनी संप केला, आणि त्यात बहुतेक मुस्लिम होते. धर्म एक असला की भाषेचा प्रश्न उरत नाही, हे कराचीचं गणित तिथेच चुकलं. मार्चमध्ये खुद्द जिना ढाक्यात आले आणि राष्ट्रभाषा उर्दूच राहील असं सांगून गेले. २१ फेब्रुवारी १९५२ ला तिथे पोलिसांनी आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. (आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन याच तारखेला असतो.) अखेर १९५६ च्या राज्यघटनेत उर्दूसोबत बंगालीही आली. त्याच वर्षी दत्त पूर्व पाकिस्तानचे आरोग्यमंत्री झाले.

मात्र तोवर मनं दुरावली होती. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कर बंगाली जनतेवर तुटून पडलं. २९ मार्चच्या रात्री ८४ वर्षांच्या दत्तांना मुलासह कुमिल्ल्याच्या घरातून उचलण्यात आलं. मयनामतीच्या लष्करी छावणीत छळ करून दोघांना मारलं. त्यांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.