बोवीचा सुरा

नानाखेड्यात आमच्या दादाला लोहाराकडून बोवी सुरा घडवून घ्यायचाय. मी आधी त्याला जिम बोवीची गोष्ट सांगितली. जन्म १७९६, केंटकी. असं सांगतात की शिकारीचा तो सुरा थोरला भाऊ रेझिननंच जेसी क्लिफ्ट नावाच्या लोहाराकडून घडवून घेतला. पण १८२७च्या एका मारामारीत जिमनं, स्वतः गोळ्या खाऊन, मोठ्या सुऱ्यानं शत्रूला मारलं आणि नाव त्याचंच झालं. १८२८ साली सॅन अँटोनिओत त्याचा कॅथलिक बाप्तिस्मा झाला. त्याआधी त्यानं गुलाम विकले होते, हे मला टोचतं. ६ मार्च १८३६ला अलामोच्या लढाईत, आजारी असतानाच, तो मारला गेला. दादाला म्हटलं, सुरा घे. पण पात्यावर नाव घडवणाऱ्याचं असू दे.