रॉजर नॉर्थ

सतराव्या शतकात इंग्लंड राजा व पार्लमेंट यांच्या कलहाने ढवळून निघाले होते. त्या धामधुमीत, १६५१ साली, सफक परगण्यातील टॉस्टॉक या गावी रॉजर नॉर्थचा जन्म झाला. घराणे मोठे मानाचे. पण लॉर्ड नॉर्थ यांना अपत्ये पुष्कळ, आणि रॉजर हा त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा. तेथील रीतीप्रमाणे पदवी थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना आपली वाट आपणच शोधावी लागे.

रॉजरच्या भावांनी ती शोधली. फ्रान्सिस कायद्यात पारंगत होऊन राजमुद्रेचा रक्षक या अत्युच्च न्यायपदावर चढला. डडलीने तुर्कस्तानात व्यापार करून संपत्ती मिळवली. जॉन हा केंब्रिजमधील ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख झाला. न्यूटन त्या काळी तेथेच अध्यापन करीत असे.

रॉजर फ्रान्सिसच्या पावलावर पाऊल टाकून लंडनमधील मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत दाखल झाला. १६७९ च्या जानेवारीत तेथे भीषण आग लागली. थंडीने थेम्स नदी गोठलेली, पाणी मिळेना. अखेर तळघरातील बिअरची पिंपे आणून बंबांत ओतावी लागली! पुढे टेंपलची नवी बांधणी सुरू झाली. ती पाहता पाहता रॉजरला वास्तुकलेची गोडी लागली. तो हाती कंपास व पट्टी घेऊन नकाशे काढू लागला. डडलीसह तो सेंट पॉल मंदिराचे बांधकाम पाहावयास जाई व ख्रिस्तोफर रेन या थोर वास्तुशिल्पज्ञाशी चर्चा करी. १६८४ साली टेंपलचे नवे महाद्वार रॉजरच्या आराखड्याप्रमाणे उभे राहिले.

त्याची वकिली भरभराटीस आली. तो राणीचा कायदेसल्लागार झाला. इतक्यात १६८८ साली राज्यक्रांती झाली. राजा दुसरा जेम्स परदेशी पळाला. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे अधिकाऱ्यांना भाग पडले. रॉजर पूर्वीच्या राजाशी वचनबद्ध होता. शपथ घेतली असती, तर मानसन्मान टिकला असता. त्याने ती घेतली नाही. मोठ्या पदांची दारे त्याला कायमची बंद झाली.

१६९० साली त्याने नॉरफक परगण्यातील रफम येथे जमीन विकत घेतली. तेथील जुने घर त्याने स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नव्याने बांधले, संसार थाटला, झाडे लावली. संगीतावर आणि तळ्यांतील मत्स्यपालनावरही त्याने ग्रंथ लिहिले.

परंतु एक शल्य त्याच्या मनात सलत होते. तिघेही भाऊ १६९१ पर्यंत निवर्तले होते, आणि नव्या राजवटीतील लेखक फ्रान्सिसची निंदा करीत होते. जॉनने तर मरणापूर्वी आपले कागद जाळून टाकण्यास सांगितले होते. आपण लिहिले नाही, तर भावांचे खरे चरित्र लोपून जाईल, हे रॉजरने ओळखले. आठवणी गोळा करून त्याने वर्षानुवर्षे तिघांची चरित्रे लिहिली व पुन्हा पुन्हा सुधारली.

ती छापलेली पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते. १६३४ नंतर बरोबर शतकाने, म्हणजे १७३४ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तो वारला. पुढे त्याच्या मुलाने ती चरित्रे प्रसिद्ध केली. रफमचा तो वाडा काळाच्या ओघात नाहीसा झाला. परंतु टेंपलचे महाद्वार आजही उभे आहे, आणि धाकट्या भावाने राखलेली थोरल्यांची स्मृतीही.