वामनदादा आणि शाहिराची बिदागी

शिरूर अनंतपाळ भागात दिवसा मजुरी अन् रात्री भीमगीते गाणाऱ्या गायन पार्ट्यांच्या सुपाऱ्या घटल्या आहेत. जयंतीची वर्गणी डीजेवर जाते. अशा वेळी आम्हाला महाकवी वामनदादा कर्डक आठवतात. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेले दादा मुंबईत गिरणीत राबले, मोठेपणी अक्षरे शिकले, १९४३ पासून गीते रचू लागले. मिळेल त्या बिदागीवर त्यांनी गावोगावी बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. १५ मे २००४ रोजी दादा गेले. मागे हजारो गीते राहिली, पैसाअडका नव्हे. त्यांच्या त्यागाचे दाखले देऊन आजच्या शाहिराला फुकट गायला लावणे हा दादांचा अवमान आहे. जयंती मंडळांनी आधी शाहिराची बिदागी बाजूला काढावी, मग डीजेचा विचार करावा, एवढेच आमचे मागणे. जयभीम!