टँक 'सायकल' करणं म्हणजे काय? ते कोडं सोडवणारे सर्गेई विनोग्राद्स्की

नाशिकमध्ये बसून घरात समुद्र करायचा तर काय काय लागतं? आरओचं पाणी, रीफ सॉल्टची बादली, रिफ्रॅक्टोमीटर, हीटर, पंप, लाइट. हे सगळं मी गेल्या वर्षी एका आठवड्यात जमवलं. खारेपणा १.०२५, तापमान २६ अंश, पाणी काचेसारखं स्वच्छ. आठव्या दिवशी दोन क्लाउनफिश सोडले आणि पाच दिवसांत दोन्ही गेले. चूक माझीच होती. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणजे ते तयार आहे, असं मी धरून चाललो होतो.

झालं काय, ते आधी थोडक्यात. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया येतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनिया जास्त विषारी रूपात राहतो. जुन्या टँकमध्ये दगडांवर, वाळूवर बसलेले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने खूपच सौम्य. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे नसतात. मासे सोडण्याआधी त्यांची वसाहत वाढवणं, यालाच टँक 'सायकल' करणं म्हणतात. दुचाकीशी काही संबंध नाही.

हे दोन टप्पे ज्यांनी वेगळे करून दाखवले, ते सर्गेई विनोग्राद्स्की. जन्म १८५६, कीव्ह. घर सधन. कॉलेजात आधी कायदा घेतला, तो सोडला. मग विज्ञान घेतलं, तेही सोडलं आणि सेंट पीटर्सबर्गला जाऊन पियानो शिकायला लागले. दोन वर्षांनी संगीतही सोडून पुन्हा विज्ञानाकडे. आपल्याकडे इंजिनिअरिंगची ब्रँच बदलली तरी नातेवाईक महिनाभर विचारत राहतात, यांच्या घरी काय झालं असेल याची कल्पना करा! पण १८७७ नंतर मात्र ते सूक्ष्मजीवांत रमले.

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला आंतोन द बारी या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे गेले. तिथे गंधकाच्या झऱ्यांत वाढणाऱ्या बेजिआटोआ नावाच्या जिवाणूवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की हा प्राणी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू वापरून त्यातूनच ऊर्जा मिळवतोय. म्हणजे सूर्यप्रकाशही नको आणि दुसऱ्या जिवाचं अन्नही नको, साध्या रसायनावर जगणं. तोवर अशी जगण्याची पद्धत कोणाच्या हिशेबातच नव्हती. बाटलीत चिखल, पाणी, थोडा कागद आणि अंड्याचा बलक घालून उजेडात ठेवली की काही आठवड्यांत त्यात रंगीत थर दिसू लागतात. शाळा-कॉलेजात केला जाणारा हा प्रयोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो: विनोग्राद्स्की कॉलम. गोदावरीच्या काठचा चिखलही चालेल.

१८८८ मध्ये द बारी वारले आणि विनोग्राद्स्की झुरिकला आले. आता त्यांच्यापुढे प्रश्न होता अमोनियाचा. अमोनियाचं नायट्रेट जिवंत काहीतरी करतं, एवढं तोवर माहीत झालेलं होतं. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं होतं. पहिले सुमारे २० दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया जसाच्या तसा. मग अचानक नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्म सोडला की थांबलं, बागेतली माती मिसळलेलं पाणी घातलं की पुन्हा सुरू. आज आपण टँकमध्ये जे करतो ते हेच, फक्त मासे नंतर येतात.

पण तो जिवाणू हाती कोणाच्याच लागत नव्हता. लंडनजवळच्या रॉथमस्टेडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन वर्षानुवर्षं याच मागे होते. (यांच्या वडिलांचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा तोल साधलेली काचेची टाकी कशी चालते, हे १८५० मध्ये मांडणारे ते हेच. बापाने टँक बनवला, पोराने त्यातल्या अमोनियाचा पाठलाग केला. मला हा योगायोग फार आवडतो.)

अडचण कुठे होती? त्या काळी जिवाणू वाढवायचे म्हणजे जिलेटिनच्या थरावर, म्हणजे पौष्टिक अन्नावर. ज्यांना असं अन्न आवडतं ते तिथे भराभर वाढत आणि हवा तो जिवाणू दिसतच नसे. विनोग्राद्स्कींनी उलटा विचार केला. त्यांनी आधी असं पाणी बनवलं ज्यात फक्त क्षार आणि अमोनिया आहे, सेंद्रिय काहीच नाही. फुकट जेवण नाही म्हटल्यावर बाकीचे बहुतेक उपाशी पडले. आमच्या भाषेत सांगायचं तर असं टेस्ट एन्व्हायर्नमेंट, ज्यात हवी ती एकच सर्व्हिस चालू राहू शकते. तरीही थोडे इतर जिवाणू तग धरून होतेच. मग त्यांनी तो नमुना जिलेटिनवर पसरला आणि जिथे काहीच उगवलं नाही, नेमकी ती जागा उचलून परत क्षारांच्या पाण्यात टाकली. ज्या जागी काही दिसत नव्हतं, तिथूनच अमोनिया खाणारा जिवाणू मिळाला! पुढे जिलेटिनऐवजी त्यांनी सिलिकाचा जेल वापरला, कारण त्यात सेंद्रिय काही नसतंच.

१८९० आणि १८९१ च्या त्यांच्या निबंधांतून हे स्पष्ट झालं की काम एकाचं नाही. अमोनियापासून नायट्राइट करणारा वेगळा आणि नायट्राइटपासून नायट्रेट करणारा वेगळा. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावं त्यांनीच दिली. पहिल्याचं आउटपुट हे दुसऱ्याचं इनपुट, म्हणून दुसऱ्याची वसाहत पहिल्याच्या मागून वाढते. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतो, आणि तो उतरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्याचं कारण हे. शिवाय हे जिवाणू हळू वाढतात. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, यांना कित्येक तास लागतात, कधी दिवसही. साध्या रसायनातून ऊर्जा कमी मिळते आणि शरीरासाठी कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून स्वतः गोळा करावा लागतो. घाई करायला जागाच नाही.

आपल्या द्राक्षबागांतही हेच चालू असतं, बरं का. युरिया टाकला की मातीत त्याचा अमोनिया होतो आणि मग हीच मंडळी त्याचं नायट्रेट करतात.

१८९१ मध्ये ते पीटर्सबर्गच्या इन्स्टिट्यूट ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिनमध्ये आले, तिथे हवेतला नायट्रोजन बांधून ठेवणारा एक जिवाणूही शोधला, काही काळ संचालक झाले. मग तब्येत ढासळली आणि १९०५ च्या सुमारास त्यांनी विज्ञान सोडून दिलं. युक्रेनमधल्या आपल्या जमिनीवर शेती पाहत राहिले, ते थेट क्रांती होईपर्यंत. क्रांतीत जमीन गेली. साठी ओलांडलेल्या या माणसाला देश सोडून पळावं लागलं. बेलग्रेडला प्राध्यापकी मिळाली, पण प्रयोगशाळा म्हणावी असं काही नव्हतं.

१९२२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने बोलावलं. वय ६६. शहराबाहेर ब्री-कोंत-रोबेर गावात त्यांना प्रयोगशाळा मिळाली आणि पुढची तीन दशकं तिथेच गेली. मुलगी एलेनही त्यांच्यासोबत नायट्रिफिकेशनवर काम करत होती. १९४९ मध्ये, ९२-९३ व्या वर्षी, मातीतल्या सूक्ष्मजीवांवरचं आयुष्यभराचं काम पुस्तकरूपाने आलं. १९५३ मध्ये ते गेले.

त्यांच्यानंतर चित्र थोडं बदललं. २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या टाकीतून अमोनिया खाणारा एक जीव वेगळा काढला गेला, पण तो जिवाणू नव्हता, आर्किया होता. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला. म्हणजे दोन टप्पे खरे, पण प्रत्येक वेळी कामगार दोनच असतील असं नाही.

माझा टँक? दुसऱ्यांदा मासे नाहीत, फक्त २ पीपीएम अमोनिया टाकला. टँक बसलाय हे कसं ओळखायचं, तर तेवढा डोस २४ तासांत शून्यावर आला पाहिजे, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही. साधारण ३ ते ६ आठवडे धरा. माझ्याकडे नायट्राइट ३४ व्या दिवशी शून्य झालं. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट खाली आणलं आणि एकच क्लाउनफिश सोडला. कोरलचं अजून ठरलेलं नाही. आपल्या किनाऱ्यावरचे रीफ बांधणारे कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणला फिरायला गेलात तर आठवण म्हणून तुकडा उचलून आणायचा नाही.