कर्करोगसंशोधिका डॉ. कमल रणदिवे

उभ्या पिकाला कीड लागते, तेव्हा पाने पिवळी पडू लागतात. अशा वेळी जाणता शेतकरी पिवळे पान खुडून स्वस्थ बसत नाही. तो बुंध्याजवळची माती उकरतो, मूळ उघडे करतो आणि कीड नेमकी कोठे आहे हे पाहतो. मनुष्यदेहाचेही असेच आहे. आपला देह असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला आहे. या पेशी ठरावीक क्रमाने वाढतात, विभागतात आणि झिजतात. एखादी पेशी हा क्रम सोडून बेताल वाढू लागली, की कर्करोगाचा आरंभ होतो. या रोगाचे मूळ शोधण्यासाठी ज्यांनी आपले अवघे आयुष्य पेशींच्या निरीक्षणात वेचले, त्या डॉ. कमल रणदिवे यांची ही जीवनकथा.

कमलताईंचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुणे येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकरराव समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलींच्या शिक्षणाविषयी समाज उदासीन होता, अशा त्या काळात दिनकररावांनी आपल्या सर्व मुलांना उत्तम शिक्षण देण्याचा निश्चय केला होता. कमलताई हुजूरपागेच्या शाळेत शिकल्या व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाल्या. मुलीने वैद्यकीचे शिक्षण घेऊन डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची फार इच्छा होती. मुलीचे मन मात्र वनस्पती आणि प्राणी यांच्या अभ्यासात रमले. वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्या विशेष गुणांनी पदवीधर झाल्या.

पुढील अभ्यासासाठी त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. तेथे त्यांनी निवडलेला विषय मोठा मनोरंजक होता. धाराशिव व बीडकडील बालाघाटच्या उतारांवर जे सीताफळाचे झाड आढळते, त्या झाडाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा त्यांनी अभ्यास केला. पेशीच्या पोटात गुणसूत्रे नावाचे धाग्यांसारखे सूक्ष्म भाग असतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा त्यांतूनच चालत येतो. पेशींना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ही गुणसूत्रे न्याहाळणे हे मोठ्या चिकाटीचे काम असते. या अभ्यासाबद्दल 1943 साली त्यांना एम. एस्‌सी. ही पदवी मिळाली. सीताफळाच्या कुळावर बसलेला हा हात पुढे माणसाच्या एका घोर शत्रूशी झुंजण्यास उपयोगी पडावयाचा होता.

1939 साली कमलताईंचा विवाह श्री. ज. त्रिं. रणदिवे या गणितज्ञाशी झाला व त्या मुंबईस आल्या. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले होते. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे थोर विकृतिशास्त्रज्ञ कर्करोगाचा अभ्यास करीत होते. कमलताई त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. घरसंसार सांभाळून त्यांनी अध्ययन चालू ठेवले आणि 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. ही पदवी संपादन केली.

त्यांच्या अभ्यासाचा विषय होता स्तनांचा कर्करोग. त्यासाठी त्यांनी उंदरांच्या चार जाती घेतल्या. काही जातींत हा रोग वारंवार होई, तर काहींत क्वचितच होई. असा भेद का पडावा? अमेरिकेत जॉन बिटनर या शास्त्रज्ञाने 1936 साली एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली होती. रोगप्रवण जातीची पिले जन्मताच निरोगी जातीच्या मादीच्या अंगावर पाजली, तर त्यांतील फारच थोड्यांना पुढे रोग होई. याचा अर्थ, रोगाचे एक कारण आईच्या दुधातून पिलाकडे येत होते. ते कारण म्हणजे एक विषाणू होय, हे पुढे सिद्ध झाले. कमलताईंनी निरनिराळ्या जातींच्या उंदरांच्या स्तनग्रंथींचे पातळ छेद घेऊन ते बारकाईने तपासले. वारसा, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी कसा संबंध असतो, याचा त्यांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. मात्र हा दुधातील विषाणू उंदरांचा आहे. माणसाच्या बाबतीत तसे काही सिद्ध झालेले नाही. बाळाला आईचे दूध हाच सर्वोत्तम आहार होय.

विषाणू ओळखावा कसा, हा त्या काळी मोठाच प्रश्न होता. जंतू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात, योग्य पोषण दिले असता बहुतेक जंतू काचपात्रात वाढतात. विषाणू बहुधा इतके लहान असतात, की ते साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. शिवाय जिवंत पेशीच्या बाहेर त्यांची वाढच होत नाही. तेव्हा विषाणू शोधावयाचा, तर आधी जिवंत पेशी हाताशी हव्यात, आणि त्या शरीराबाहेर जिवंत राहावयास हव्यात. ही विद्या शिकण्यासाठी कमलताई शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. पेशींना शरीराबाहेर वाढविण्यात डॉ. गे यांचा हातखंडा होता. मानवी पेशींचा अखंड वाढत राहणारा पहिला वंश 1951 साली त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाला.

या विद्येला ऊतिसंवर्धन असे म्हणतात. तिची रीत ऐकावयास सोपी, परंतु करावयास कठीण आहे. शरीरातून ऊतीचा एक इवलासा तुकडा काढावयाचा, तो बारीक करून निर्जंतुक काचपात्रात ठेवावयाचा, त्याला क्षार, साखर व रक्तजल असलेले पोषक द्रव द्यावयाचे आणि शरीराइतकीच ऊब मिळेल अशा पेटीत ते पात्र ठेवावयाचे. काही दिवसांनी पेशी काचेला चिकटून वाढू लागतात. द्रव वेळच्या वेळी बदलावे लागते. हवेतील एखादा जंतू किंवा बुरशीचा एक कण आत शिरला, तर कित्येक आठवड्यांची मेहनत एका रात्रीत फुकट जाते. अशा निरोगी पेशींवर संशयित द्रव टाकले असता त्यात विषाणू आहे की नाही, याचा पुष्कळदा उलगडा होतो. कित्येक विषाणूंच्या संसर्गाने पेशी गोल होतात, आक्रसतात किंवा एकमेकींत मिसळतात आणि अखेर मरतात. कर्करोग घडविणारे काही विषाणू मात्र पेशींना मारीत नाहीत, तर त्यांना बेबंद वाढावयास लावतात. विषाणू डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची करणी पेशींवर उमटलेली दिसते.

अमेरिकेत राहून काम करणे कमलताईंना सुखाचे झाले असते. परंतु त्या ही विद्या घेऊन मायदेशी परतल्या. मुंबईत 1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. तेथे कमलताईंनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. संवर्धनाला लागणारे पोषक द्रव व इतर सामग्री त्या काळी येथे सहज मिळत नसे, म्हणून ती त्यांनी प्रयोगशाळेतच तयार करविली. परदेशी गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी शिक्षण पुरे होताच मायदेशी यावे, असा त्यांचा आग्रह असे. पुढे 1966 ते 1970 या काळात त्यांनी या केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली.

केंद्रात कुष्ठरोगावरही संशोधन चाले. 1958 साली कुष्ठरोग्याच्या शरीरातून घेतलेल्या जंतूंची एक जात चेतापेशींच्या संवर्धनात वाढविण्यात तेथील शास्त्रज्ञांना यश आले. या जंतूपासूनच पुढे कुष्ठरोगावरील एक लस तयार करण्यात आली. या कार्यात कमलताईंचा महत्त्वाचा वाटा होता. आपल्याकडे खेडोपाडी तंबाखू व सुपारी चघळण्याची सवय आहे. तिचा परिणाम तपासण्यासाठी कमलताई व त्यांचे सहकारी यांनी हॅमस्टर हा प्राणी निवडला. या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात धान्य साठविण्याच्या पिशव्या असतात. तंबाखू व सुपारी यांचा त्या पिशव्यांवर काय परिणाम होतो, हे त्यांनी प्रयोगाने पाहिले आणि 1976 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या सवयीकडे लोक विरंगुळा म्हणून पाहत, तिच्यातील धोका अशा प्रयोगांनी उघड केला.

1964 साली त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचे रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक मिळाले. 1982 साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. स्त्रियांना विज्ञानाच्या क्षेत्रात किती अडचणी येतात, हे त्या जाणून होत्या. म्हणून 1973 साली त्यांनी इतर संशोधिकांसह भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. उतारवयातही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जाऊन त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि खेड्यांतील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. 2001 साली त्यांचे देहावसान झाले.

कर्करोग अजून पुरता जिंकलेला नाही. परंतु कमलताईंनी ज्या विद्येचा पाया आपल्या देशात घातला, ती आज ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत उपयोगी पडत आहे. 2020 साली करोनाची साथ आली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी तो विषाणू पेशींच्या संवर्धनातच वाढवून वेगळा केला, आणि त्यातूनच स्वदेशी लशीची वाट मोकळी झाली. ज्या पुण्यात कमलताईंनी सीताफळाच्या कुळाच्या पेशी न्याहाळून आपल्या अभ्यासाचा आरंभ केला, त्याच पुण्यात हे कार्य घडले. वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्या रोग्यांना औषध देणाऱ्या डॉक्टर झाल्या नाहीत; परंतु रोगाचे मूळ शोधण्याची जी वाट त्यांनी दाखविली, तिचा लाभ त्यांनी कधी न पाहिलेल्या असंख्य रोग्यांना होत आहे.