अहिल्याबाईंचे तीन दिवस

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही आजीला घेऊन दिल्लीला गेलो होतो. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरलो होतो. आजीला लाल किल्ला किंवा कुतुबमिनार बघायचा नव्हता. तिला फक्त राष्ट्रीय युद्ध स्मारकात जाऊन भिंतीवरचे एक नाव बघायचे होते. ते नाव माझ्या काकांचे. काका १९९९ साली कारगिलमध्ये गेले, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. बैठकीतला त्यांचा गणवेशातला फोटो एवढीच माझी त्यांची ओळख.

कोपर्निकस मार्ग मंडी हाऊसच्या चौकातून निघतो आणि इंडिया गेटपाशी संपतो. अंतर थोडे आहे, पण आजीचे गुडघे दुखतात, म्हणून आम्हाला बराच वेळ लागला. वाटेत तिने पाटी वाचायला लावली आणि हा कोपर्निकस कोण म्हणून विचारले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा पोलंडचा माणूस, असे मी सांगितले. तो देवाधर्माचा होता का, असा तिचा पुढचा प्रश्न. चर्चमध्येच कामाला होता म्हटल्यावर तिचे समाधान झाले.

स्मारकात नावे गोल भिंतींवर ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत. तिथल्या एका जवानाने नाव शोधून दिले. आजीने त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ती रडली नाही. बाबा मात्र बाजूला जाऊन उभे राहिले.

तो सोमवार होता आणि आजीचा उपवास होता. काका भरती झाले त्या आठवड्यापासून, मुलगा सुखरूप परत यावा म्हणून, तिने सोमवार धरले होते. मुलगा आला नाही, पण सोमवार चालूच राहिले. देवाने ऐकले नाही तर हा उपवास कशासाठी, हे तिला विचारायचे माझ्या मनात फार दिवसांपासून होते. परत येताना फुटपाथवर मी विचारून टाकले. विचारल्यावर लगेच वाटले की चुकलो. आजी थांबली, पण रागावली नाही. तिचे माहेर जामखेड तालुक्यात, चौंडीजवळ. तिने मलाच उलट विचारले, की आमच्या अहिल्यादेवींनी आपल्या हयातीत घरची किती माणसे घालवली ते तुला ठाऊक आहे का. मला देवींची जयंती आणि पुण्यतिथी पाठ होती. हे मात्र ठाऊक नव्हते.

वसतिगृहात परत आल्यावर मी वाचनालयातून मिळेल ते काढून वाचले. त्यात इंग्रज अधिकारी जॉन मॅल्कम याचे लेखन मला सर्वांत उपयोगी वाटले. हा होळकरांचा स्तुतिपाठक नव्हता, १८१७ साली महिदपूरला तो होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला. नंतर त्याच्याकडे माळव्याचा कारभार आला, तेव्हा त्याने अहिल्याबाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांना विचारून माहिती जमवली. शत्रूने केलेली नोंद असल्यामुळे मला ती जास्त भरवशाची वाटते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडीला झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकरांनी या मुलीला पाहिले आणि १७३३ साली तिला आपल्या खंडेरावाची बायको करून घरी आणले. म्हणजे तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. पुढे मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुले झाली. मल्हाररावांनी सुनेला लिहिणे-वाचणे, हिशेब आणि कारभार शिकू दिला, आणि तो शिक्षणाचा भाग पुढे फार उपयोगी पडला.

मार्च १७५४ मध्ये मराठी फौजांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा दिला होता. हे ठिकाण भरतपूरजवळ आहे, दिल्लीपासून फार लांब नाही. किल्ल्यावरून आलेला गोळा लागून खंडेराव जागेवरच गेले. अहिल्याबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, म्हातारपणी मला उघड्यावर टाकू नकोस, अशा अर्थाची त्यांची विनवणी होती. अहिल्याबाई थांबल्या. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण सदतीस वर्षांनी तो उलटा होऊन परत येतो.

मल्हाररावांनी सुनेला नुसते जिवंत ठेवले नाही, कामाला लावले. त्यांची १७६५ सालची पत्रे आहेत. त्यांत ते अहिल्याबाईंना चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जायला सांगतात, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करायला सांगतात, मोठा तोफखाना जवळ ठेवून दारूगोळ्याची तजवीज करायला आणि वाटेवर बंदोबस्तासाठी चौक्या बसवायला सांगतात. आपल्या वर्गात रसद आणि मार्गसंरक्षण शिकवतात, तेच हे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात अहिल्याबाई नेहमी हातात शिवलिंग घेऊन बसलेल्या असतात. त्यामुळे त्यांनी तोफखाना हलवला असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

२० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूरला वारले. सुभेदारी नातवाकडे, मालेरावांकडे आली. वर्षाच्या आत तेही गेले. मालेरावांचे मन ठिकाणावर नव्हते. मॅल्कम जी हकीकत देतो ती अशी, की त्यांच्या हातून एक निरपराध कारागीर मारला गेला आणि त्याचेच भूत त्यांना झपाटले असे सगळे समजत होते. भुताचे सोडा. पण आजारी मुलाच्या उशाशी आई रात्रंदिवस बसून होती, त्या न दिसणाऱ्याशी बोलत होती, मुलाला सोड, तुझे देऊळ बांधते, जमीन लावून देते, असे कबूल करत होती, हे वाचताना मला कसेतरी झाले. उत्तर आले नाही. १७६७ मध्ये मालेराव वारले.

आमच्या शाळेच्या मंदिरात परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी उभे राहायला जागा नसते. निकालानंतरच्या संध्याकाळी भरपूर असते. मीही त्यातलाच आहे, म्हणून हे लिहितो. आपण देवाला जे कबूल करतो ते बहुतेक सौदा असतो, आणि सौदा फिसकटला की आपण दुकान बदलतो. अहिल्याबाईंनीही मुलासाठी असाच सौदा मांडला होता, आणि तो फिसकटला. पुढे त्यांनी काय केले, ते बघण्यासारखे आहे.

आधी तर रडायलाही सवड मिळाली नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड याला वाटले, बाई एकटी आहे, तिने कुणाचे तरी मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपण करावा. बाईंनी नकार दिला, तेव्हा त्याने राघोबादादांना बोलावले. राघोबा फौज घेऊन उज्जैनकडे आले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे पाठवली, पेशवे माधवरावांना लिहिले, स्वतःची फौज सज्ज केली. बायकांची पलटण उभी केली होती असे सांगतात. बाईशी लढून जिंकलात तर नाव नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप त्यांनी राघोबांना धाडला, असेही सांगतात. राघोबांनी मग आपण फक्त मालेरावांच्या दुखवट्याला आलो आहोत असे जाहीर केले. गोळी न झाडता जिंकलेली ही लढाई आमच्या मुलांना फार आवडते. मला मात्र वाचताना सारखे आठवत होते, की या बाईचा मुलगा नुकताच गेला आहे.

माधवरावांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे गेली आणि अहिल्याबाईंनी राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. आज्ञापत्रांवर त्या स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालत. राज्य देवाचे, आपण फक्त त्याचा हुकूम पोचवणार. ज्या देवाने आपले एक मागणे ऐकले नाही, त्याच्याच नावाने जवळजवळ तीस वर्षे रोज हुकूम काढायचे. मी यावर पुष्कळ विचार केला आणि अजूनही मला ते पूर्ण समजले आहे असे वाटत नाही.

त्यांची दिनचर्या मॅल्कमने दिली आहे. उजाडण्याच्या तासभर आधी उठणे, पूजा, पोथी ऐकणे, दानधर्म आणि अन्नदान, मग स्वतःचे साधे जेवण. थोडी विश्रांती. दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत दरबार. पुन्हा दोन-तीन तास पूजा आणि थोडेसे खाणे. रात्री नऊला परत कामाला बसायचे ते अकरापर्यंत. आमचे वेळापत्रक यापेक्षा सोपे आहे आणि आम्ही त्याबद्दलही कुरकुरतो. दरबारात पडदा नव्हता, कुणीही येऊन गाऱ्हाणे सांगावे. म्हणजे दिवसाचे कितीतरी तास ही बाई देवासमोर बसून बोलत होती, आणि उरलेले तास लोक तिच्यासमोर बसून बोलत होते. देव गप्प होता. या मात्र प्रत्येकाला उत्तर देत होत्या.

त्यांच्या बांधकामांची यादी मोठी आहे, सगळी देत नाही. काशी विश्वनाथाचे देऊळ १७८० पर्यंत उभे राहिले. सोमनाथ, गया, वेरूळचा घृष्णेश्वर इथेही त्यांचे काम आहे. यासाठी त्यांनी आपल्या खासगीतला पैसा वापरला. पण देवळांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टी जास्त मोठ्या वाटतात. यात्रेच्या वाटांवर विहिरी आणि धर्मशाळा. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला ठेवलेली माणसे. महेश्वरच्या आसपास शेतकरी नांगर धरून चाललेला असे आणि बाईंचा माणूस येऊन बैलांना थांबवून पाणी पाजत असे. पाखरांना दाणे टिपता यावेत म्हणून त्यांनी शेते विकत घेऊन ठेवली होती. मुलासाठी केलेला नवस फुकट गेलेल्या बाईने पाखरांसाठी शेत राखले. पाखरांकडून तिला काय परत मिळणार होते?

आता १७९१. मुक्ताबाईंचे लग्न यशवंतराव फणशांशी झाले होते. लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असे अहिल्याबाईंनी जाहीर केले होते आणि यशवंतरावांनी तो केला, अशी कथा आहे. या दोघांचा एकुलता एक मुलगा तरुणपणीच वारला. नंतर थोड्याच काळात यशवंतराव गेले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या.

अहिल्याबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या मुलीच्या पायाशी जमिनीवर पडल्या आणि मला एकटे टाकून जाऊ नकोस म्हणून त्यांनी विनवले. मल्हाररावांनी ज्या शब्दांनी त्यांना परत आणले होते, जवळजवळ तेच मागणे आता त्या मागत होत्या. मुक्ताबाई ऐकल्या नाहीत. आई, तू आता थकलीस, थोड्या वर्षांनी तूही जाशील, मग मी कुणासाठी राहू, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी अहिल्याबाई मिरवणुकीबरोबर चालत गेल्या आणि चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाला चढल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. त्या किंचाळल्या, हात सोडवता येईनात तेव्हा स्वतःचेच हात चावू लागल्या. मग नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या आणि तीन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. जवळजवळ काही खाल्लेही नाही.

इतके मोठे राज्य हातात असताना त्यांनी ही प्रथा बंद का केली नाही, असे मी आमच्या सरांना विचारले. सर म्हणाले की तो काळ वेगळा होता. ते खरे असेल, पण माझे समाधान झालेले नाही.

त्या तीन दिवसांबद्दल मॅल्कमने याहून जास्त काही लिहिलेले नाही. त्या देवाशी भांडल्या का, देवघराकडे पाठ करून बसल्या का, हे कुणालाच माहीत नाही. इतकी वर्षे देव गप्प होता आणि त्या बोलत होत्या, पूजा करत होत्या, हुकूम काढत होत्या. या तीन दिवसांत दोघेही गप्प होते. मला वाटते, त्यांच्या सगळ्या पूजेत हे तीन दिवस देवाच्या सर्वांत जवळचे असतील. पण हा माझा अंदाज आहे, कुणी खोडून काढला तर माझी हरकत नाही.

त्यानंतर त्या उठल्या. मुलीच्या आणि जावयाच्या नावाने एक सुंदर छत्री बांधायला घेतली. दरबार पुन्हा भरू लागला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्या वारल्या, तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या.

पुढच्या रविवारी वसतिगृहातून घरी फोन लावायची माझी पाळी आली, तेव्हा मी आजीला मागून घेतले. मोजली म्हणून सांगितले. नवरा, सासरा, मुलगा, नातू, जावई, मुलगी. सहा. आजीने सगळे ऐकून घेतले. माझा दिल्लीतला प्रश्न तिच्या लक्षात होता की नाही, कळले नाही. तिने विचारले की थंडी कमी झाली का आणि स्वेटर घालतोस ना. मग म्हणाली की उद्या सोमवार, साबुदाणा भिजत घालायचा राहिला आहे, आणि फोन बाबांच्या हातात दिला.